यंत्र म्हणतं अक्का

बसमधून उतरताना त्याचे गुडघे कुरकुरले. त्याने खांद्यावरची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. तिच्यात लॅपटॉप, दोन वायरी, एक पेचकस आणि बायकोने भरून दिलेला डबा होता. मग तो पाणीपुरवठ्याच्या फाटकाकडे चालू लागला. बेचाळीस हे काही म्हातारपणाचं वय नव्हे. पण सतरा वर्षं लोकांच्या टेबलांखाली वाकायचं, लोकांची यंत्रं उघडायची आणि 'कालपर्यंत तर चालत होतं' हे एकच वाक्य शंभर तोंडांतून ऐकायचं, यात माणूस आतल्या आत पिकत जातो. बाहेरून दिसत नाही, इतकंच.

फोन वाजला. थोरला भाऊ. दोघांची मिळून एक छोटी कंपनी होती. दादा काम आणायचा, हा काम करायचा.

"पोचलास?"

"फाटकात आहे."

"हे बघ, उघडायचं काही नाही, तपासायचं काही नाही. एक कागद छापून ठेवलाय त्यांनी. त्यावर सही करायची. 'प्रोग्राम बरोबर चालतो', एवढंच. आपला प्रोग्राम बरोबर चालतो ना?"

"चालतो."

"मग झालं तर. पुढच्या आठवड्यात करार नवा व्हायचाय. तिथं जाऊन कीस पाडत बसू नकोस. सही कर आणि ये."

त्याने बरं म्हटलं. कीस पाडण्याइतका जीव त्याच्यात होता कुठे?

पाणी तपासायची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. खिडकीतून खाली तीन गोल हौद दिसत, त्यांवर उन्हाचे तुकडे तरंगत. खालच्या पंपांची घरघर जमिनीतून पायात आणि पायातून दातांत चढायची. पांढऱ्या फरशीच्या ओट्यावर काचेच्या नळ्या उभ्या होत्या, शेजारी तपकिरी बाटली आणि रंगांची पट्टी. कोपऱ्यात ते यंत्र, त्यानेच प्रोग्राम बसवून दिलेला कॉम्प्युटर. सहा वर्षांपूर्वी पांढरं होतं, आता म्हाताऱ्या दातासारखं पिवळं झालं होतं.

"उगवलास का रे?" ओट्यापाशी उभ्या बाईने न वळताच विचारलं. "पुढच्या खेपेला येतो म्हणून गेलास, त्याला सहा वर्षं झाली."

"फोनवर होतोच की, अक्का."

"फोनवर सगळेच असतात."

अक्का पाणी तपासायची. तीस वर्षं हेच. तिचं खरं नाव काय होतं कोण जाणे. शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांचीच ती अक्का. दर दोन तासांनी नळीत पाणी घ्यायचं, बाटलीतले थेंब टाकायचे. पाण्यात क्लोरीन असलं तर ते पिवळं पडतं. किती पिवळं, ते पट्टीशी जुळवायचं, आकडा यंत्रात भरायचा, पुढे शेरा लिहायचा. तीन पाळ्या, दिवसाला बारा नोंदी. आताही तिने नळी उजेडाकडे धरली आणि सवयीने पुटपुटली,

"नळीतल्या पाण्या, पिवळं हो थोडं,
मगच तुला सोडते दाराच्या पुढं."

पाणी पिवळं झालं. अक्काने मान हलवली. डोळ्यांवर नवा कोरा चष्मा होता, तो तिच्या नाकाला अजून सरावला नव्हता.

"कागद तिथं आहे," ती म्हणाली. "साहेब तीनला येणार. तोवर बस."

कागद साधाच होता. खाली सहीची जागा, वर तीन आठवड्यांपूर्वीची एक नोंद. वेळ दुपारी दोन. क्लोरीन ०.५. शेरा: ठिक. आणि नोंदीची शेवटची ओळ, 'नोंद करणारा: अक्का'. ती ओळ त्याचीच होती. म्हणजे ती छापायचं काम त्याने प्रोग्रामला शिकवलं होतं.

त्या दुपारी काय झालं, ते त्याला दादाने सांगितलं होतं. दीडच्या सुमारास क्लोरीन सोडणारा छोटा पंप बंद पडला. दोनच्या नोंदीत मात्र ०.५, म्हणजे सगळं जागच्या जागी. चारला पुन्हा पाणी तपासलं तेव्हा नळी पांढरीफटक. अडीच तास तसंच पाणी गेलं. टाकीच्या अंगाच्या दोन गल्ल्यांत चाळीसेक लोकांची पोटं बिघडली, दोन लेकरं इस्पितळात गेली. ती घरी आली, सगळे बरे झाले, पण चौकशी लागायची ती लागलीच. दोनला पाणी तपासलंच नाही, आकडा मनाने ठोकून दिला, हे उघड होतं. कोणी ठोकला? यंत्र म्हणतं अक्का. हजेरीच्या वहीतही अक्काची दोनपर्यंतची सही. यंत्र आणि वही एकमेकांना दुजोरा देत होती, मग पुढे कोण कशाला विचारतो? यंत्रावर विश्वास ठेवावा की नाही, एवढंच यंत्रवाल्याने लिहून द्यायचं होतं.

अक्काच्या नोकरीचे नऊ दिवस उरले होते.

त्याने पेन काढलं. समोर तीन-साडेतीन तास रिकामे पसरलेले. अक्का पलीकडे शेगडीवर चहा ठेवत होती. हातांना रिकामं बसायची सवय नव्हती, म्हणून त्याने यंत्राची खुर्ची ओढली. दादाने उघडू नकोस म्हटलं होतं, पण यंत्र आधीच उघडं होतं. त्याने एक नवी नोंद भरली. आकडा शून्य, शेरा 'चाचणी'. कळ दाबली.

नोंद करणारा: अक्का.

त्याने मान वळवून पाहिलं. अक्का तिकडे चहात साखर घालत होती. खुर्चीत तो बसला होता. त्याने पुन्हा भरलं. पुन्हा अक्का. तिसऱ्यांदाही अक्काच.

त्याचा प्रोग्राम बरोबरच चालत होता. त्यात एक ओळ होती. ती ओळ यंत्राला विचारायची, 'बाबा रे, आत्ता कोण आहे?' आणि ज्याच्या नावाने यंत्र उघडलेलं असेल ते नाव यंत्र सांगायचं. खुर्चीत कोण बसलंय ते यंत्राला दिसत नाही, त्याला डोळे कुठे असतात? ज्या नावाने दार उघडलं तेवढंच त्याला ठाऊक. सहा वर्षांपूर्वी ही ओळ लिहिली तेव्हा त्याला केवढी हुशारी वाटली होती. प्रत्येक वेळी माणसाला नाव लिहायला कशाला लावायचं? एक रकाना कमी, एक कटकट कमी. माणसाला विचारायचा त्रास नको, यंत्राला विचारू.

तो मागच्या नोंदी पाहत गेला. सकाळी सहा, अक्का. दुपारी चार, अक्का. रात्री दोन, अक्का. रात्री चार, अक्का. काल, परवा, गेल्या वर्षी, त्याच्या आधीच्या वर्षी. विचारलं कोण, तर म्हणे अक्का. पुन्हा विचारलं कोण, तरी म्हणे अक्का. सहा वर्षं ही बाई चोवीस तास, झोपेविना, सुट्टीविना पाणी तपासत होती. चौकशीवाल्यांनी एकच नोंद मागितली, म्हणून एकच छापली गेली. मागचं पान कुणी उलटलंच नव्हतं.

आणि नाव एक असलं तरी हात तीन होते. शेऱ्यांवरून लख्ख दिसत होतं. सकाळच्या नोंदींपुढे 'ठीक'. दुपारच्या पाळीच्या नोंदींपुढे 'ठिक', ठ ला पहिली वेलांटी. आणि रात्रीच्या नोंदींपुढे 'पाणी बरं आहे', जणू कुणी आजाऱ्याची खुशाली कळवतंय. सहा वर्षांत सकाळवालीने कधी पहिली दिली नव्हती आणि दुपारवालीने कधी दुसरी.

त्याने टेबलावरचा कागद पुन्हा पाहिला. दुपारी दोन. ठिक. पहिली.

"चहा घे," अक्का शेजारी येऊन उभी राहिली. मग पडद्याकडे पाहून म्हणाली, "दिसलं तर तुला."

"अक्का, दोनला तुम्ही नव्हता."

"डोळे तपासायला गेले होते. मोतीबिंदू पिकलाय म्हणाला. दीडलाच निघाले."

"आणि वहीतली सही?"

"येतानाची आणि जातानाची, दोन्ही सकाळीच करून टाकतो आम्ही. सगळेच करतात." तिने बशी यंत्राच्या डोक्यावर ठेवली. "धाकटी लवकर आली माझ्यासाठी. तिला म्हटलं, दोनचं तेवढं बघ. तेवढ्यात शाळेतून फोन आला तिला, पोरगी जिन्यावरून पडली म्हणून. घाबरली बिचारी. आधीच्या चार नोंदी ०.५ होत्या, तिने पाचवी ०.५ टाकली आणि पळाली. तासाभरात परत आली. चारला तिनेच पाहिलं, तिनेच पंप सुरू केला, तिनेच सगळीकडे फोन केले. लपवलं नाही काही."

धाकटी म्हणजे दुपारच्या पाळीची बाई. वय चौतीस. पण अकरा वर्षांत तिच्यानंतर नवं कुणी आलं नाही, म्हणून ती अजून धाकटीच.

"मग हे साहेबांना..."

"काही सांगायचं नाही. तू सही कर." अक्का स्टुलावर बसली. बसताना तिने गुडघ्यावर हात टेकला. "माझे नऊ दिवस राहिलेत रे. काय करणार आहेत मला? पेन्शनचे कागद अडवतील चार महिने, सहा महिने. तिला अजून चोवीस वर्षं काढायचीत. नवरा असून नसल्यासारखा. माझ्या नावावर पडलंय, पडू दे."

"नाव खराब होईल तुमचं."

"कुठलं नाव? इथं कुणाला ठाऊक आहे माझं नाव?" ती हसली, पण हसू अर्ध्यावरच थांबलं. "चहा निवतोय."

त्याने कप उचलून जवळ ठेवला. सगळंच जमून आलेलं होतं. दादाला सही हवी, साहेबाला सही हवी. जिच्यावर बालंट, तिलाही सहीच हवी. त्यालाही घरी जायचं होतं. कंटाळा माणसाच्या कानात फार गोड बोलतो. कर सही, म्हणत होता तो. चारची बस मिळेल.

पेन हातात घेऊनही त्याने एक गोष्ट पाहायची ठरवली. यंत्र रोज अक्काच्याच नावाने का उघडतं? वीज जाते, यंत्र बंद होतं, पुन्हा सुरू होतं. तेव्हा त्याने नाव विचारायला हवं. हे का विचारत नाही?

उत्तर सापडायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. एका आतल्या कप्प्यात एक बरोबरची खूण केलेली होती. 'सुरू होताच विचारू नको, या नावाने आत ने.' नाव अक्का. आणि पडद्याच्या कोपऱ्यात, इतर चित्रांच्या गर्दीत, एक छोटी फाइल होती. तिचं नाव 'तात्पुरते'.

ती उघडण्याआधीच त्याला कळलं. हा शब्द त्याचा होता. पडद्यावर हाताचं अक्षर नसतं, तरी आपला शब्द माणसाला ओळखू येतो.

फाइलमध्ये एकच वाक्य होतं. 'सध्या अक्काच्या नावे आपोआप उघडते. पुढच्या खेपेला तिघांची वेगळी नावे करणे.' खाली सहा वर्षांपूर्वीची तारीख.

त्याला तो दिवस आठवला. त्या दिवशी त्याची चार ठिकाणं होती, हे चौथं. प्रोग्राम बसवताना यंत्र सात वेळा बंद करून सुरू करावं लागलं, आणि दर वेळी ते उघडायला अकरा मिनिटं घ्यायचं. अंगात कणकण होती. दुपारची बाई रजेवर होती, तिच्या जागी अक्काच थांबली होती, रात्रीचा माणूस आला नव्हता, त्यांची नावं कुणाला विचारणार? समोर अक्का होती. सगळे तिला अक्का म्हणत होते, त्यानेही तेच टाइप केलं. खूण केली. तात्पुरती. मग बसची वेळ झाली.

धाकटीने एका दुपारी न पाहता आकडा टाकला होता. त्याने सहा वर्षांच्या सगळ्या नोंदींवर न पाहता नाव टाकलं होतं.

फाइल पुसून टाकायला एक कळ पुरे होती. खूण काढायला दुसरी. कुणाला कळलं नसतं. अक्का नळ्या धूत होती, तिची पाठ त्याच्याकडे होती, आणि ती पुन्हा तेच दोन चरण पुटपुटत होती. मगच तुला सोडते दाराच्या पुढं. तीस वर्षं दोन थेंब टाकून, वाट पाहून, डोळ्यांनी पाहिल्यावरच सोडायचं. ते थेंब न टाकता तिच्या नावाखाली त्याने केवढं काय सोडलं होतं.

त्याने कळ दाबली नाही. बसून राहिला. चहावर साय धरली.

साहेब तीनला पाच मिनिटं असतानाच आले. चौकशीचे साहेब वरच्या कचेरीतले, आधी कधी इथे न आलेले. माणूस वाईट नव्हता. त्यालाही दिवसभरात अशा तीन चौकश्या होत्या आणि जिना चढून धाप लागली होती. धाकटीची पाळी सुरू झालेली होती. ती ओट्यापाशी भिंतीला टेकून उभी होती, डोळ्यांखाली काळं, हाताशी चाळा म्हणून रिकामी नळी.

"तुम्हीच का कॉम्प्युटरवाले? छान. इथं सही करा. प्रोग्राम बरोबर चालतो, हेच ना?"

"प्रोग्राम बरोबर चालतो," तो म्हणाला.

"मग करा."

"साहेब, सहीआधी एक करता का? या खुर्चीत बसा. एक नोंद भरा. काहीही."

"मी कशाला?"

"दोन मिनिटं लागतील."

साहेब कुरकुरत बसले. एका बोटाने आकडा शोधून दाबला. शेऱ्यात लिहिलं, 'वेळ वाया'. याने छापायला दिलं. यंत्र घसा खाकरल्यासारखं करून कागद बाहेर टाकू लागलं. साहेबांनी तो उचलला, लांब धरला, जवळ धरला.

"नोंद करणारा, अक्का," त्यांनी वाचलं. मग हळूच विचारलं, "मी अक्का?"

धाकटीला नको तिथे हसू फुटलं. तिने तोंडावर हात दाबला.

"इथं बसेल तो अक्का, साहेब. मघाशी मी होतो. रात्री रात्रपाळीवाले असतात." त्याने मागच्या नोंदी दाखवल्या, ती खूण दाखवली, मग ती फाइल उघडून दाखवली. आवाज त्याला स्वतःलाच परका वाटत होता. "हे मी लिहिलंय. ही खूण माझी. पुढच्या खेपेला नीट करतो म्हणालो आणि आलोच नाही. प्रोग्राम यंत्राला विचारतो आत्ता कोण आहे, आणि मी यंत्राला एकच नाव पढवून ठेवलं. त्यामुळे नोंद कोणी केली हे या यंत्राला ठाऊकच नाही. कधीच नव्हतं. मी सही करेन, पण हे असं लिहून."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "म्हणजे सहा वर्षांच्या नोंदी..."

"आकडे खरे आहेत. नाव खरं नाही."

"तुमच्या कंपनीला हे महागात पडेल, कल्पना आहे ना?"

"आहे."

"मग दोनची नोंद कोणी केली?"

"ते मी सांगू शकत नाही. यंत्राला विचारून झालं. आता माणसांना विचारा."

"मी केली," अक्का म्हणाली.

"मी केली," धाकटी म्हणाली.

दोघी एकदमच. साहेबांनी या तोंडाकडून त्या तोंडाकडे पाहिलं. "एका नोंदीला दोन-दोन जणी? इतर वेळी एक मिळत नाही."

"तू गप्प बस," अक्का धाकटीला म्हणाली. "साहेब, तिचं ऐकू नका. पोर आहे."

"पोर नाही मी, अक्का. पोरीची आई आहे." धाकटीने नळी ओट्यावर ठेवली. काच किणकिणली. "साहेब, शेरा बघा त्या नोंदीचा."

"बघितला. ठीक लिहिलंय."

"ठीक नाही, ठिक लिहिलंय."

"तेच म्हणतोय मी."

"ते नाही, साहेब. अक्का दुसरी देतात, मी पहिली. शाळेपासून मला ते येतच नाही. अक्का अकरा वर्षं सांगतायत, पण हात वळतोच पहिलीकडे." तिने भिंतीकडे बोट दाखवलं. कपाटावर तिच्या हातची चिठ्ठी डकवलेली होती, कडा पिवळ्या पडलेली. 'किल्ली ठिक जागी ठेवावी.' "ही माझी. आणि ती नोंदही माझी. अक्का डॉक्टरकडे गेल्या होत्या. शाळेतून फोन आला, मी आकडा टाकला आणि गेले. पाणी पाहिलं नाही. तीन आठवडे झाले, पाण्याचा घोट घेतला की त्या दोन लेकरांची आठवण येते. माझीही तेवढीच आहे."

ती रडली नाही. बोलून झाल्यावर तिचे खांदे मात्र खाली उतरले.

साहेब बराच वेळ त्या दोन वेलांट्या निरखत बसले. मग पेन उघडून लिहू लागले. लिहिता लिहिता त्यांनी एवढंच सांगितलं की अक्काचे कागद अडणार नाहीत. दीडला निघून जाण्याबद्दल आणि सह्यांबद्दल एक ताकीद मिळेल, ती घ्यावी लागेल. धाकटीला उद्यापासून घरी थांबायचं, कळवलं जाईल. चारला पाहिलं, पंप लावला, सगळ्यांना कळवलं, हेही लिहितोय, त्याचं वजन पडेल. किती पडेल ते सांगता येत नाही. आजची पाळी मात्र पुरी करा, कारण दुसरं कुणी नाही.

"आणि तुम्ही," ते याला म्हणाले, "हे आजच्या आज नीट करा."

ते जिना उतरून गेल्यावर अक्का त्याच्याकडे वळली. "तुला सांगितलं होतं, सही कर म्हणून."

"केली की."

"शहाणाच आहेस." ती स्टुलावर बसली. मग धाकटीला म्हणाली, "पोरीला उद्या माझ्याकडे सोड. तू झोप काढ दिवसभर." धाकटीने मान हलवली.

त्याने यंत्रातली खूण काढली. 'तात्पुरते' नावाची फाइल मात्र त्याने पुसली नाही, साहेबांसाठी तिची एक प्रत काढून ठेवली. मग छापील कागदावरचे शब्द बदलले. 'नोंद करणारा' हे खोडलं आणि लिहिलं, 'यंत्र कोणाच्या नावे उघडले'. खाली एक रिकामा रकाना केला, 'नोंद करणाऱ्याने आपले नाव स्वतः लिहावे'. सहा वर्षांपूर्वी वाचवलेली कटकट होती ती. मग तिघांची तीन नावं करायला घेतली. रात्रपाळीवाल्याचं नाव धाकटीने सांगितलं. धाकटीचं तिने स्वतः.

"अक्का, तुमचं?"

"घाल की अक्काच. नऊ दिवसांसाठी काय?"

"खरं सांगा."

तिने सांगितलं. इतक्या हलक्या आवाजात, की धाकटीने नळीवरून मान वर केली. तीस वर्षांत ते नाव त्या खोलीत कुणी उच्चारलं नसावं. त्याने ते टाइप केलं. वेलांटी होती तिथे थांबून विचारलं, "पहिली की दुसरी?"

"दुसरी," अक्का म्हणाली. "नीट दे."

फोन दोनदा थरथरला. पडद्यावर 'दादा'. त्याने तो उलटा करून ठेवला. बसमध्ये बोलता येईल. तिथे रागवायलाही वेळ भरपूर असतो आणि ऐकायलाही.

चार वाजत आले. त्याने यंत्र बंद करून सुरू केलं. यंत्र आपल्या जुन्या चालीने अकरा मिनिटं घेत उठलं, आणि सहा वर्षांत पहिल्यांदाच थांबून विचारू लागलं, नाव काय? तोवर धाकटीने नळीत पाणी घेतलं होतं, थेंब टाकले होते. तिघंही त्या नळीकडे पाहत उभी राहिली. कुणी काही पुटपुटलं नाही. पाणी सावकाश पिवळं झालं, पट्टीवरच्या खुणेइतकंच.

धाकटी खुर्चीत बसली. आपलं नाव दाबलं, परवलीचा शब्द चुकवला, पुन्हा दाबला. यंत्राने तिला आत घेतलं. तिने आकडा भरला, खालच्या रकान्यात नाव लिहिलं, मग शेरा. नवा चष्मा सावरत अक्का मागून वाकली.

"दुसरी दे गं."

धाकटीने पडद्याकडे क्षणभर पाहिलं. ठ ला पहिली होती.

"राहू दे," ती म्हणाली. "नाहीतर मीच लिहिलंय हे कळायचं कसं?"